कोणत्या चित्रपटाचा ओरखडा तुमच्या मनावरून अजून गेलेला नाही?

गोदाकाठ (परभणी)

चित्रपट पाहून आठ-पंधरा दिवस अस्वस्थ राहणे वेगळे आणि दहा-बारा वर्षांनंतरही त्यातले एखादे दृश्य अवचित अंगावर येणे वेगळे. मला विचारायचे आहे ते या दुसऱ्या प्रकाराविषयी.

२०१४ च्या फेब्रुवारीत नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ लागला, तेव्हा इथल्या एका जुन्या टॉकीजमध्ये मी तो मित्रांबरोबर पाहिला. शेवटच्या भागात शाळकरी नायक जब्या याचे सारे कुटुंब डुकराच्या मागे धावत असते आणि गावातली माणसे मजेत बसून त्यांची टिंगल करत असतात. टॉकीजमध्येही हशा पिकला आणि मीही हसलो. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, त्याच्या बापालाही थांबावे लागते आणि हाताशी आलेले डुक्कर निसटते. तेव्हा तर पुढच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. मग जब्याने भिरकावलेला धोंडा थेट आमच्या दिशेने आला आणि पडदा काळा झाला. आमचे हसू नेमके कुठे थांबले ते मला आजही सांगता येत नाही. थांबायला उशीर झाला होता, एवढे मात्र कळले.

ते हसू माझ्या ओळखीचे होते. आठवीत आमच्या वर्गात गावाबाहेरच्या वस्तीवरून येणारा एक मुलगा होता आणि त्याच्या घरी डुकरे पाळत. तो फळ्याकडे जायला उठला की मागच्या बाकांवरून घुरघुरण्याचा आवाज निघे. मी मागच्याच बाकावर बसत असे. तो शर्टाच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून उभा राही, खडू बाहीतूनच धरी आणि गणित सोडवून खाली मान घालून परत येई. उत्तर सहसा चुकत नसे.

भुताखेतांची किंवा रक्तपाताची भीती मला इथे अभिप्रेत नाही. तुम्हालाच पकडीत घेतलेला आणि मग सोडायला तयार नसलेला चित्रपट कोणता, आणि त्याने नेमके काय केले, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

बालाघाट (अंबाजोगाई)

माझ्यासाठी तो चित्रपट म्हणजे श्याम बेनेगल यांचा ‘अंकुर’. तो १९७४ चा. मी मात्र तो कितीतरी वर्षांनी, दूरदर्शनवर, रात्री उशिरा पाहिला. त्याची पहिली पकड बसली ती भाषेमुळे. त्यातली माणसे ‘नक्को’ आणि ‘कायकू’ म्हणतात, आणि बाजारात बांगड्या भरायला गेल्यावर माझी आजी अशाच हिंदीत घासाघीस करत असे. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे कथा तेलंगणातली असली तरी ती परक्या मुलखातली वाटेना. जमीनदाराच्या पोराची चाल, वाड्यासमोर चपला हातात घेऊन जाणारी माणसे, हे सारे आजीने गढीच्या गोष्टींतून आधीच सांगून ठेवले होते.

शेवटी मुका-बहिरा मजूर किष्टय्या काम मागायच्या आशेने त्या जमीनदाराच्या पोराकडे, सूर्या याच्याकडे, निघतो. किष्टय्याची बायको लक्ष्मी हिच्याशी आपले काय प्रकरण आहे ते सूर्याला पक्के ठाऊक असल्याने त्याला वाटते की, हा सूड घ्यायलाच येत आहे. आणि तो त्या निरपराध माणसाला फोडून काढतो. ज्याच्यावर अन्याय केला त्याचीच भीती वाटावी आणि त्या भीतीपोटी त्यालाच पुन्हा मारावे, हे इतक्या उघडपणे मी तोवर कुठल्याही चित्रपटात पाहिले नव्हते. मग एक लहान पोरगा दगड उचलतो, सूर्याच्या घराच्या काचेवर मारतो आणि पडदा लाल होतो.

तुमचे लिखाण वाचताना एक गोष्ट प्रथमच जाणवली. त्या पोराचा दगड जमीनदाराच्या खिडकीवर गेला आणि आपण प्रेक्षक सुखरूप राहिलो. किंबहुना आपण त्या पोराच्या बाजूने उभे असल्याचे समाधानही मिळाले. जब्याने ती सोय ठेवली नाही.

मांजराकाठ (लातूर)

मी ध्वनियोजनेविषयी लिहितो, कारण मंगल कार्यालयांत ध्वनिक्षेपक लावणे हा माझा धंदा आहे आणि चित्रपटात माझे लक्ष आधी तिकडेच जाते. ‘सैराट’ २०१६ च्या एप्रिलअखेरीस आला. त्या उन्हाळ्यात आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते, आणि तरीही तिकीटबारीपुढच्या रांगा पाण्याच्या टँकरपुढच्या रांगांशी बरोबरी करत होत्या. ज्या चित्रपटाच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, त्याच्या शेवटी, जातीबाहेर लग्न केलेल्या आर्ची-परश्याचा खून झाल्यावर, आवाजच काढून घेतलेला आहे. त्यांचे मूल रडते ते दिसते, पण ऐकू येत नाही. आमच्या खेळाला तर मागून दोघे-तिघे ‘आवाज, आवाज’ असे ऑपरेटरच्या खोलीकडे तोंड करून ओरडले. मलाही क्षणभर यंत्र बिघडल्याची शंका आली होती. मग पायांचे ते छोटे लाल ठसे दिसले आणि ओरडणारे आपोआप गप्प झाले.

संगीत असते तर त्याने आम्हाला रडवून मोकळे केले असते, असे मला वाटते. ते रडणे शिल्लक राहिले ते आजतागायत.

हुरडा (बीड)

मांजराकाठ यांचे निरीक्षण मार्मिक आहे, परंतु ओरखडा राहतो हे मला फारसे पटत नाही. माझ्या ओळखीतल्या कितीतरी लोकांनी तो चित्रपट तीन-तीन वेळा पाहिला. ते ‘झिंगाट’ला खुर्च्यांवर उभे राहून नाचले, शेवटी डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नाचायला गेले. पुढची कित्येक वर्षे प्रत्येक वरातीत तेच गाणे वाजले. ज्या घरातल्या मुलीने जातीबाहेर लग्न केले म्हणून तिचे नाव काढणेही बंद झाले होते, त्या घरच्या वरातीतही ते वाजले आणि तिचे चुलते त्यावर नाचले, हे मी स्वतः पाहिले आहे. त्या वरातीत कुणाला ते ठसे आठवत होते?

माझ्यापुरते उत्तर वेगळे आहे आणि त्यात जातही नाही, खलनायकही नाही. २००४ च्या ‘श्वास’मधले आजोबा, शस्त्रक्रियेनंतर दृष्टी जाणार असलेल्या नातवाला रुग्णालयातून बाहेर नेतात आणि डोळे शाबूत आहेत तोवर त्याला जग दाखवतात. त्यात राग काढायला कुणी सापडत नाही. माझा मुलगा तेव्हा त्याच वयाचा होता. मी तो चित्रपट पुन्हा पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही.

निवृत्त मास्तर (उमरगा)

हुरडा यांचा मुद्दा अर्धा मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की, दृश्य विसरले जाते. प्रश्न मात्र इतक्या सहजपणे विसरला जात नाही. जब्बार पटेल यांचा ‘सामना’ पाहिला त्याला आता अनेक दशके झाली. तेंडुलकरांच्या पटकथेतला बराच भाग मला आठवत नाही. पण निळू फुले यांचा साखरसम्राट हिंदुराव ज्याला आश्रय देतो तो डॉ. लागूंचा दारुडा मास्तर, आणि ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा त्याचा पिच्छा न सोडणारा प्रश्न, हे दोन्ही जसेच्या तसे आठवते. साखर कारखान्याच्या परिसरात नोकरी काढल्यामुळे, सभेत चहा-बिस्किटे फिरत असताना असा प्रश्न विचारणे म्हणजे काय असते, याची मला थोडीफार कल्पना आहे. मी स्वतः तो कधी विचारला नाही.

म्हणूनच गोदाकाठ यांना विचारतो. आपण चित्रपटाविषयी आणि स्वतःच्या हसण्याविषयी प्रामाणिकपणे लिहिले आहे. परंतु त्या वर्गातल्या मुलाचे पुढे काय झाले, हे लिहिलेले नाही.

गोदाकाठ (परभणी)

मास्तर, नववीनंतर तो शाळेत दिसला नाही, एवढेच मला आठवते. आमच्या दहावीच्या तुकडीचा व्हॉट्सॲपवर गट आहे, त्यात ६२ जण आहेत आणि त्यात तो नाही. आपला प्रश्न वाचल्यावर परवा मी गटावर विचारले की, त्याचा ठावठिकाणा कुणाला माहीत आहे का. बहुतेकांनी वाचल्याचे दिसले. त्यानंतरचा पहिला संदेश एका वाढदिवसाच्या केकचा होता. रात्री एकाने मला स्वतंत्रपणे उत्तर पाठवले. त्यात आम्ही तेव्हा त्याला ठेवलेले नाव होते आणि पुढे हसण्याची तीन चित्रे होती.

त्याचे खरे नाव मलाही आठवत नाही. हजेरी क्रमांक आठवतो, ४१. शाळेचे जुने जनरल रजिस्टर पाहू देतात का, ते सोमवारी जाऊन विचारणार आहे.