हृदयशस्त्रक्रियेनंतर पुन्हा पाण्यातल्या स्पर्धेत: आपले अनुभव लिहावेत

साठीच्या आसपास हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला घरचे, शेजारचे आणि दवाखान्यातलेही एकच सांगतात, की रोज चालत जा. सल्ला योग्यच आहे. परंतु जो माणूस वर्षानुवर्षे स्पर्धेत उतरत आला आहे, त्याचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. माझी बायपास झाली तेव्हा ‘पोहायला हरकत नाही’ हे उत्तर मला सहज मिळाले, पण ‘स्पर्धेत पोहू का?’ या प्रश्नावर कोणी नीट बोलेना. पुढे लक्षात आले, की बहुतेक डॉक्टरांना आपल्या खेळात शरीर नेमके काय करते याची कल्पना नसते आणि ती आपणच द्यावी लागते. म्हणून पाण्यातले खेळ खेळणाऱ्या ज्येष्ठांना मी लिहिण्याची विनंती केली. आलेले अनुभव त्यांच्याच शब्दांत देत आहे.

ऑर्लंडो, फ्लोरिडा, वय ६८

नोकरीनिमित्त येथे आलो आणि तळ्यांच्या या प्रदेशात वॉटर स्कीइंगचा नाद लागला. माझा प्रकार स्लॅलम. सुमारे २५९ मीटरच्या मार्गावर सहा बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणारे गोळे, असतात, प्रत्येक बोया मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटर दूर, आणि बोट सरळ जात असताना आपण दोराच्या टोकाला एका स्कीवर उभे राहून त्या सहाही बोयांना बाहेरून वळसा घालायचा. बोटीचा वेग गटाच्या मर्यादेपर्यंत वाढला, की १८.२५ मीटरचा दोर टप्प्याटप्प्याने आखूड करत नेतात. तो सव्वाअकरा मीटरवर आला म्हणजे बोयापर्यंत पुरतच नाही. उरलेले अंतर अंग झोकून आणि हात लांबवून भरून काढावे लागते.

बायपाससाठी छातीचे मधले हाड कापून पुन्हा स्टीलच्या तारांनी बांधतात. ते सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात आणि हातांनी जोराची ओढ घ्यायला निदान तीन महिने थांबा असे सांगितले जाते. माझ्या शल्यविशारदांना वाटत होते, की हा खेळ मुख्यतः पायांचा आहे. मी त्यांना स्वतःचे चित्रीकरण दाखवले: खोल पाण्यातून उठताना दोन्ही हातांवर येणारा हिसका, बोया ओलांडल्यावर दोर पुन्हा ताणला जातो तो क्षण, आणि त्या क्षणी नकळत कोंडला जाणारा श्वास. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो, ही गोष्ट त्यांना सर्वांत महत्त्वाची वाटली. त्यांनी तीन महिन्यांची मुदत वाढवली आणि आधी ट्रेडमिल चाचणी, मग फिजिओथेरपिस्ट, मग पाणी, असा क्रम ठरवून दिला.

फिजिओथेरपिस्टने दोराची मूठ व्हरांड्याच्या खांबाला बांधली आणि मध्ये प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा अडकवला. मी स्कीवर झुकतो तसा मागे झुकून मूठ ओढायची, ओढताना मोठ्याने आकडे म्हणायचे, म्हणजे श्वास कोंडला जात नाही, आणि काट्यावरचा आकडा ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ द्यायचा नाही. छातीच्या हाडात ‘कट्’ असा आवाज किंवा सरकल्यासारखे वाटले, तर त्याच क्षणी थांबायचे. मर्यादा हळूहळू वाढत गेली.

एक अडचण मात्र कोणीच सांगितली नव्हती. ज्या पायातली शीर बायपाससाठी काढली, तो पाय संध्याकाळपर्यंत सुजायचा आणि स्कीच्या घट्ट बुटात जाईना. दाब देणारे मोजे आणि सकाळचा सराव, यांनी ते निभावले. स्पर्धेत सुरुवातीचा वेग खेळाडूला स्वतः निवडता येतो, तेव्हा पहिल्या स्पर्धेत मी पूर्वीपेक्षा बराच कमी वेग मागितला. धक्क्यावरच्या जुन्या मित्रांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, याचे मला फार बरे वाटले.

ठाणे, वय ६४

माझी महाधमनीची झडप बदलून तेथे जैविक झडप बसवली आहे. शाळेपासून पोहत आले असल्यामुळे परत पाण्यात उतरण्याची भीती नव्हती. भीती होती ती स्पर्धेच्या उडीची, कारण उंच ठोकळ्यावरून सूर मारताना पाण्याचा मार हातांवरून थेट छातीपर्यंत पोहोचतो. मास्टर्स, म्हणजे प्रौढ पोहणाऱ्यांच्या, गटाच्या नियमांत ठोकळ्यावरून, काठावरून किंवा पाण्यात राहून भिंतीला एक हात लावूनही सुरुवात करता येते, हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी अवश्य लक्षात घ्यावे. मी पाण्यातूनच सुरुवात करते आणि त्यात कमीपणा मानत नाही. याच नियमांत बटरफ्लायला ब्रेस्टस्ट्रोकची लाथ चालते. खांदे आणि छाती यांवर सर्वाधिक ताण आणणारा तो प्रकार मी सर्वांत शेवटी पुन्हा हाती घेतला.

दुसरी गोष्ट नाडीची. मी नाडीचे ठोके कमी ठेवणारी बीटा ब्लॉकर गोळी घेते. त्यामुळे नाडीच्या कमाल मर्यादेसाठीचा ‘२२० वजा वय’ हा सूत्राचा आकडा मला लागूच पडत नाही; कितीही जोर लावला तरी नाडी तेथवर जात नाही, आणि नाडी कमी दिसते म्हणून आणखी जोर लावणे धोक्याचे ठरते. आमच्या प्रशिक्षकांनी त्याऐवजी सोपा निकष ठेवला: काठाला लागल्यावर एक पूर्ण वाक्य न धापता बोलता आले पाहिजे. माझी सून टाळ्या वाजवायला येते. मुलगा अजूनही येत नाही, त्याला बघवत नाही. मी त्याला आग्रह करत नाही.

मुंबई, वय ६१

मला धातूची झडप आहे, म्हणजे वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर. आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची, तपासणी नियमित करतो. मी शिडाच्या छोट्या बोटीच्या शर्यतींत उतरायचो, आणि वारा फिरला की शिडाची आडवी काठी डोक्यावरून सपकन जाते. साध्या माणसाला तेवढ्याने टेंगूळ येईल, पण माझ्या डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांनी निर्णय माझ्यावर सोडला आणि मी शर्यती थांबवल्या. आता पंचांच्या बोटीवर बसतो. वरच्या दोघांचे अनुभव वाचून आनंद झाला, तरी कोणती झडप बसवली आणि रक्त पातळ ठेवणारी कोणती गोळी सुरू आहे, यावर सारे ठरते, हे नवख्यांनी विसरू नये.

कोल्हापूर, एका जलतरणपटूच्या पत्नी, वय ५९

खेळाडूंनी लिहिले, आता घरच्यांचेही ऐका. यांच्या बायपासनंतर मीच यांना पाण्यापासून दूर ठेवू पाहत होते. शेवटी डॉक्टरांकडे दोघे गेलो आणि माझे प्रश्न मी विचारले: छातीत दुखू लागले तर यांनी काय करायचे, सोबत कोण असेल, गोळी कोणाजवळ असेल? उत्तरे कागदावर लिहून घेतली. तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून सोबतच्या होडीत ठेवतात, औषधांच्या नावांसह. तेव्हापासून मी नाही म्हटलेले नाही.

आता माझे थोडेसे. मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या सागरी जलतरण स्पर्धेला मी पुन्हा जातो. कोकणच्या समुद्रात थंड पाण्याचा धक्का फारसा नसतो, पण मानेपर्यंत पाण्यात उतरल्यावर पायांतले रक्त छातीकडे सरकते आणि हृदयावरचे काम वाढते. म्हणून मी शिटीच्या बराच आधी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहतो. सुरुवातीच्या गर्दीत कोपर आणि टाचा छातीवर बसतात, त्यामुळे सर्वांना पुढे जाऊ देऊन कडेने निघतो. त्यात वेळ जातो, पण क्रमांक माझ्या वयोगटातच लागणार असल्याने तेवढे परवडते.

यापुढे लिहिणाऱ्यांनी शस्त्रक्रिया कोणती, चालू औषधे कोणती आणि आपल्या खेळात सर्वांत जास्त जोर कधी लागतो, एवढे आवर्जून लिहावे. पेसमेकर बसवलेल्यांचा एकही अनुभव अजून आलेला नाही. त्याच्या तारा खांद्याजवळून जातात, तेव्हा फ्रीस्टाइल पोहणाऱ्यांना किंवा वल्हवणाऱ्यांना कोणती बंधने घातली गेली आणि ती कधी सैल झाली, हे कोणी सांगू शकेल का? दोन वाचकांनी हाच प्रश्न मला विचारला असून ते उत्तराची वाट पाहत आहेत.