शनिवारवाड्याच्या पटांगणात रात्रीचा नृत्यमहोत्सव : पोरं न्यावीत का?

पेठेतला पारवा
थंडी पडली की हा वाद ठरलेला. माझं मत, पाच-सहा वर्षांपुढची मुलं जरूर न्यावीत, पण पहिल्या कलाकारापुरतीच. नाट्यगृहात मूल नुसतं चुळबुळलं तरी चार माना वळतात. उघड्यावर त्याला मागे नेऊन पाय मोकळे करून आणता येतात.

मात्र उजेड असतानाच पोचा. दिल्ली दरवाजाच्या एका झडपेवरचे खिळे मोजायला लावा: 9 गुणिले 8, म्हणजे 72. ते नेमके हत्तीच्या मस्तकाच्या उंचीला का, हे त्यालाच ओळखू द्या. दरवाज्याशी अशी ओळख झाली की अंधारात तो परका वाटत नाही.

कानठळी
खिळे मोजलेत, आवाज मोजलात का? कारखान्यातल्या मोठ्या माणसांसाठी सर्वसाधारण मर्यादा 85 डेसिबलला 8 तास. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 94 ला तासभरच. तबल्याचा माइक वर चढवला आणि तुम्ही स्पीकरच्या मनोऱ्यासमोर असलात, की हा आकडा लांब नाही. मूल "कान दुखतो" म्हणत नाही, किरकिर करतं आणि आपण म्हणतो कंटाळलं. कापसाचे बोळे ही निव्वळ मनाची समजूत.

दुसरं, झोप. नावाजलेले कलाकार शेवटी बसवतात, म्हणजे पाहुण्यांचे सत्कार, नारळ-शाली उरकून साडेनऊ. पोरगं तोवर खांद्यावर. मग हा खटाटोप कोणासाठी?

तिहाई
आवाजाचं गणित बरोबर, निष्कर्ष घाईचा. मोकळ्या मैदानात स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. म्हणून पुढच्या रांगेचा हट्ट सोडा. कडेची वाटेलगतची खुर्ची घ्या, पण स्पीकरच्या रेषेत नको. मुलांचे कान झाकायचे जाड मफ मिळतात, ते न्या. मोबाइलवरचं डेसिबल ॲप चार-पाच आकडे इकडेतिकडे दाखवतं. तरी दोन जागांमधला फरक कळायला ते पुरतं.

थंडी वरून कमी, खालून जास्त लागते. सतरंजीवर बसणार असाल तर खाली जाड चटई किंवा घडी केलेली गोधडी हवीच. नुसतं स्वेटर घालून भागत नाही.

आणि मूल कंटाळतं ते त्याला काही काम नसतं म्हणून. कथक असेल तर तीनताल हाताला द्या: 16 मात्रा, म्हणजे ठोके, टाळी 1, 5 आणि 13 वर, 9 ला 'खाली', म्हणजे टाळी नाही, तिथे हात उलटा. तिहाई आली की तोच तुकडा तीनदा येऊन समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, पडतो. मुलं दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला सम आधीच पकडतात आणि मोठ्यांपेक्षा जोरात "हां!" म्हणतात. भरतनाट्यमला हे चालणार नाही, तिथे हस्तमुद्रा ओळखायला लावा. पताका (बोटं जुळवलेला सपाट पंजा) आणि मयूर (अनामिका अंगठ्याला टेकलेली) पुरे.

आलाप चालू असताना मात्र उठू नका. टाळ्या पडल्या की, किंवा तबला लावून घेताना, निघा.

जोतं
दोन्ही बाजूंचं चुकतंय. 10 जानेवारी 1730 ला, शनिवारी, पायाभरणी झालेला वाडा 27 फेब्रुवारी 1828 ला पेटला आणि सात दिवस जळत होता. आत उरली आहेत ती जोती आणि कारंजी. हे रात्री दिव्यांच्या झगमगाटात काय कळणार? पोरांना सकाळी तिकीट काढून आत न्या, हजारी कारंज्याचं सोळा पाकळ्यांचं कमळ दाखवा. महोत्सवात वाडा म्हणजे नुसता पडदा. वर कंटाळलेली मुलं दिसेल त्या कट्ट्यावर चढतात, आईबाप खाऊची पाकिटं तिथेच टाकतात. संरक्षित वास्तू आहे, बाग नव्हे.

पेठेतला पारवा
@जोतं, सकाळचं मान्य. रात्रीला हरकत का ते कळलं नाही. सोळा पाकळ्या सकाळी पाहिल्या आणि सोळा मात्रा संध्याकाळी मोजल्या तर बिघडलं काय? खाऊचं म्हणाल तर बरोबर. घरून पोळीचा रोल आणि पाणी, कागद परत पिशवीत.

@कानठळी, साडेआठला निघायचं म्हणजे निघायचं. गाडी आणू नका, शिवाजी रस्त्यावर पार्किंग शोधण्यातच पहिला कलाकार संपतो. कसबा पेठ मेट्रो स्थानकापासून चालत या. मध्यंतरात फिरत्या स्वच्छतागृहांपुढे रांग लागते, म्हणून त्याच्या दहा मिनिटं आधीच नेऊन आणा. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं हे आल्याआल्या दाखवून ठेवा. "पुतळ्यापाशी" म्हणू नका, तिथे अख्खं पुणं उभं असतं. बाजीरावांच्या घोड्याची शेपटीकडची बाजू सांगा. खिशात फोन नंबराची चिठ्ठी.

कानठळी
साडेआठची अट आणि कानाचे मफ असतील तर सहा वर्षांपुढे माझी हरकत नाही. पण तान्ह्या बाळांना कडेवर घेऊन पहिल्या रांगेत बसणाऱ्यांचं काय? त्यावर अजून कोणी बोललेलं नाही.

तिहाई
त्यांनी येऊच नये. इथे माझा वाद नाही.