मदत हवी आहे: टर्नटेबलला (रेकॉर्ड प्लेअरला) मॅट कोणती घालावी?
मंडळी, गेल्या वर्षभरात सोलापुरात जुन्या सामानवाल्यांकडून ५०-१०० रुपयांना एकेक करत चाळीसेक रेकॉर्ड जमवल्यात. नाट्यगीतं, भावगीतं, थोडं शास्त्रीय. कव्हरं फाटकी, एकावर निळ्या शाईत 'लग्नाची भेट, ताईकडून' असं लिहिलंय. पण डिस्टिल्ड वॉटरने पुसून लावली की काय सुरेख वाजते!

अडचण मॅटची आहे, म्हणजे फिरत्या थाळीवर रेकॉर्डखाली असते त्या गोल चकतीची. टर्नटेबलसोबत आलेली मॅट फेल्टची, म्हणजे नमद्यासारख्या कापडाची. आपल्याकडची कोरडी हवा, त्यात उन्हाळा. रेकॉर्ड उचलली की मॅट तिला चिकटून वर येते, आणि वाजताना मध्येच चट्‌ चट्‌ आवाज. हा स्टॅटिकचाच (घासून साचणाऱ्या विजेचा) प्रताप, धूळही तोच ओढतो.

कॉर्क घ्यावं की रबर? ३ मिलिमीटरची मॅट घातली तर रेकॉर्ड वर येते नि टोनआर्म (सुईचा दांडा) मागून खाली राहतो. माझ्या मशीनला उंची बदलायची सोय नाही. चादरीचं कापड गोल कापून पाहिलं, पण धागे सुटतात, सुईला लागले तर संपलंच.

चामड्याची कुणी वापरलीय का? आणि सोलापुरात पातळ कॉर्क शीट कुठे मिळेल? १२ इंची गोल आणि मधलं भोक नेमकं कापून देणारं कुणी असेल तर तेही सांगा.