डॉक्टर बदलायचाय, पण जीभ रेटत नाही : कोल्हापूरकरांनो, माहिती लिहा

शाहूपुरीकर
कपाट आवरताना दवाखान्याची जुनी फाईल हाती लागली आणि हा विषय पुन्हा डोक्यात आला. आपल्याकडं घरचा डॉक्टर म्हणजे घरचाच माणूस. लग्नाची पहिली पत्रिका त्याला, गुऱ्हाळावरनं आलेली गुळाची ढेप त्याला. मग पुढं पटेनासं होतं, बोलणं टोचायला लागतं, तपासताना अवघडल्यासारखं वाटतं, तरी माणसं वर्षानुवर्षं तिथंच जातात. "त्यांना काय वाटेल?" एवढ्यावर सगळं अडतं. ज्यांना यातलं नीट कळतं त्यांनी लिहा. कागद कुठले घ्यायचे, कुणाला काय सांगायचं, कुठं फसतं. दवाखान्यांची नावं घेऊन उणीदुणी नकोत.

सुरुवात करतो. स्वतःचे कागद मागायला कारण द्यावं लागत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत स्पष्ट आहे : रुग्णानं किंवा त्यानं नेमलेल्या माणसानं मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे, आणि भरती रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपून ठेवायचे. म्हणून जुन्या भरतीचे कागद हवे असतील तर उशीर करू नका. साध्या कागदावर दोन प्रतींत अर्ज करा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. झेरॉक्सचे पैसे मागितले तर देऊन टाका, त्यावर वाद घालत बसू नका.

मेडिकलवाला_राजारामपुरी
काउंटरवरनं दिसतं ते सांगतो. डॉक्टर बदलला की सगळ्यात मोठा घोळ गोळ्यांचा. जुन्या चिठ्ठीत एका कंपनीची बीपीची टेल्मिसार्टन, नव्या चिठ्ठीत दुसऱ्या कंपनीची टेल्मिसार्टन. नावं वेगळी, रंग वेगळा, माणूस दोन्ही गिळतो आणि तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडतो. शुगरच्या गोळ्यांचं तर विचारू नका. मेटफॉर्मिन एकटी असते, ग्लिमेपिराइडबरोबर असते, व्हिल्डाग्लिप्टिनबरोबर असते. ब्रँडचं नाव बघू नका. स्ट्रिपच्या मागं बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव आणि मिलीग्रॅम असतात, ते वाचा. जमत नसेल तर नवीन गोळ्या घेताना जुन्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून दुकानात आणा, आम्ही समोरासमोर ठेवून बघतो.

दुसरं म्हणजे जुना डॉक्टर सोडला म्हणून जुन्या गोळ्या आपल्या मनानं सोडायच्या नाहीत. फिटची गोळी, तीन आठवड्यांच्या वर चाललेलं स्टेरॉइड, स्टेंट घातल्यावरची अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, बीपी-हृदयासाठीची मेटोप्रोलॉल. यातलं काहीही एकदम बंद करणं धोक्याचं. नव्या डॉक्टरची वेळ आठवड्यानंतरची असेल तर तेवढ्या दिवसांचा साठा आधीच घेऊन ठेवा.

कळंबा_सूनबाई
सांधेदुखीच्या पुड्या पण लिहा हो दादा. सासूबाई मंडळी ते औषध धरतच नाहीत.

मेडिकलवाला_राजारामपुरी
बरोबर ताई. बिनलेबलाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. पुडी तशीच घेऊन जा आणि किती महिने चालू आहे ते सांगा. ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञालाही सांगा.

सिस्टर_बावडा
भरती असताना बदलायचं असेल तर "डामा" हा शब्द ओळखून असा. म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी जाणं. घाईत नातेवाईक सही करतात आणि हातात पुरता कागदच नसतो. त्यापेक्षा डॉक्टरांना सरळ सांगा, "दुसरीकडं हलवायचंय, रेफरची चिठ्ठी द्या." त्या चिठ्ठीत निदान, आतापर्यंत दिलेली इंजेक्शनं, शेवटचा डोस किती वाजता दिला आणि निघतानाचं बीपी, नाडी, ऑक्सिजन एवढं तरी हवं. अँटिबायोटिकचा शेवटचा डोस कधी झाला ते कळलं नाही तर पुढचा एक तर लवकर दिला जातो नाहीतर चुकतो. सलाईनची सुई आणि कॅथेटर (लघवीची नळी) कधी घातलं ती तारीखही विचारून घ्या.

शिवाय जिथं न्यायचंय तिथं बेड आहे का, आयसीयू लागणार असेल तर व्हेंटिलेटर मोकळा आहे का, हे फोनवर पक्कं झाल्याशिवाय पेशंट हलवायचा नाही.

उचगाव_रिक्षा
खरंय सिस्टर. कावळा नाक्यावर अ‍ॅम्ब्युलन्स उभी करून मागं नातेवाईक फोन लावत बसल्यात, असं लई बघाय मिळतं.

योजनामाहिती
महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार चालू असतील तर आणखी एक पायरी आहे. पहिल्या रुग्णालयानं पाठवलेला मंजुरीचा प्रस्ताव रद्द झाल्याशिवाय दुसऱ्याचा पुढं सरकत नाही. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. डिस्चार्जच्या आधी त्याच्याकडं जा, रद्द झाल्याचं बघून घ्या, मग हला. कॅशलेस विम्याचंही असंच. नवं रुग्णालय तुमच्या कंपनीच्या यादीत आहे का ते आधी बघा.

रंकाळ्याकाठी
सीपीआरला (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात) डॉक्टर बदलून मिळतो का? केसपेपरवर एकच नाव येतंय दरवेळी.

सिस्टर_बावडा
मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे ते, तिथं युनिट पद्धत असते. वार ठरलेले असतात, त्या वारी त्या युनिटचे डॉक्टर ओपीडीला. केसपेपरवर युनिट लिहिलेलं असतं. दुसऱ्या युनिटच्या वारी जाऊन खिडकीवर आधी सांगा. नाहीतर जुना केसपेपर बघून तुम्हाला परत त्याच वारी यायला सांगतात आणि सकाळची रांग वाया जाते.

रंकाळ्याकाठी
आभारी आहे ताई.

स्लाईड_ब्लॉक
गाठीचा तुकडा काढून तपासला असेल आणि दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला तो तुकडा स्वतः बघायचा असतो. लॅबमध्ये दोन गोष्टी असतात : काचेच्या स्लाईड आणि मेणात बसवलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक. लेखी अर्ज दिला की दोन्ही मिळतात. नवीन जागी जादा तपासण्या करायच्या झाल्या, उदाहरणार्थ स्तनाच्या गाठीत ईआर, पीआर, हर-टू, तर त्या ब्लॉकवरच होतात, म्हणून फक्त स्लाईड नेऊ नका.

हातात घेतल्यावर तिथंच उभं राहून नंबर जुळवा. रिपोर्टवरचा, स्लाईडवर खरवडलेला आणि ब्लॉकच्या प्लास्टिकच्या खोक्यावरचा नंबर एकच पाहिजे. स्लाईड प्लास्टिकच्या डबीत मागा, कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकल्या की तडकतात. ब्लॉक एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं. आणि सुईनं काढलेला तुकडा आधीच दोऱ्याएवढा असतो. दरवेळी त्याचे पातळ काप निघतात, तुकडा संपत जातो. पाच ठिकाणी फिरवलात तर शेवटच्या तपासणीला काही उरत नाही. म्हणून दुसरं मत कुणाचं घ्यायचं ते नीट ठरवून एकाच जागी न्या, आणि काम झालं की स्लाईड-ब्लॉक परत मागून घ्या.

कागलकर
लई कामाचं लिवलंसा. हे कुणी सांगतच न्हाई.

एक्सरेवाली
एमआरआयच्या फिल्मवर निवडक चित्रं असतात, सगळी सीडीत असतात. सीडी घेतली की सेंटरमध्येच उघडून दाखवा म्हणायचं, कोरी निघते कधीकधी. बऱ्याच केबिनमधल्या लॅपटॉपला आता सीडीची जागा नसते, पेनड्राइव्हवर पण मागा. मोबाईलवर लिंक आली असेल तर ती काही दिवसांनी बंद पडते, लगेच उतरवून ठेवा.

ईसीजीचा गुळगुळीत कागद असतो ना, तो उष्णतेवर छापलेला असतो. वर्षभरात फिका पडतो. झेरॉक्स काढा. लॅमिनेशन करू नका, सगळा काळा होतो.

आजीसाठी_विचारतेय
आजीला एकांनी गुडघा बदला म्हणून सांगितलंय. बोलायला तिरसट आहेत, आजी त्यांच्याकडं परत जायला तयार नाही. दुसरीकडं काय न्यायचं?

एक्सरेवाली
उभं राहून काढलेला एक्सरे आहे का बघा, दोन्ही गुडघ्यांचा, समोरून. झोपवून काढलेल्यात सांध्यातली फट किती कमी झालीय ते लपतं. तो नसेल तर एवढा एकच नवीन काढा, बाकी आहे तेच चालतं. एमआरआय सगळ्यांना लागत नाही, आधी दाखवा.

फिजिओ_मंगळवारपेठ
आणि आजीला आधी स्वतःच्या तोंडानं बोलू द्या. किती चालवतं, जिना चढताना दुखतं की उतरताना, रात्री दुखण्यानं जाग येते का. फाईल त्यानंतर टेबलावर ठेवा. आधीच "अमक्यांनी ऑपरेशन सांगितलंय" म्हटलं की समोरचाही तिथनंच विचार करायला लागतो. तपासून झाल्यावर मात्र काही लपवू नका. दोन प्रश्न विचारा : तीन महिने थांबलो तर काय बिघडेल? ऑपरेशन सोडून काय काय करून बघता येईल? गुडघ्याला थांबायला सहसा वेळ असतो.

छातीत दुखणं, एका बाजूची ताकद जाणं, तोंड वाकडं होणं यात मात्र दुसरं मत वगैरे काही नाही. १०८ लावा. लकव्यात रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

आजीसाठी_विचारतेय
खूप आभार. पण मी त्यांना काय सांगू? ओळखीचे आहेत हो, ताराबाई पार्कात भेटतात सकाळी फिरायला.

शाहूपुरीकर
"घरच्यांना अजून एकदा दाखवून घ्यायचंय, फाईलची झेरॉक्स आणि एक्सरे द्या." एवढंच. नव्या डॉक्टरचं नाव सांगायची गरज नाही. दुसरं मत घेणं हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेतला हक्क आहे. चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही.

प्रसूती_परिचारिका
बायकांचा अवघडलेपणा वेगळा असतो, त्यावर लिहिते. पुरुष डॉक्टर तपासणार असतील तर खोलीत दुसरी बाई असणं हाही त्याच सनदेतला हक्क आहे. सिस्टर, मावशी किंवा तुमच्या घरची कोणी. "सिस्टरना आत बोलवा" म्हणायचं, त्यात लाजायचं काही नाही. पडदा हवा, अंगावर चादर हवी, हातात मोजे हवेत, हात लावायच्या आधी सांगायला हवं. केबिनमध्ये पुढचा पेशंट आणून बसवला असेल तर "त्यांना बाहेर थांबू द्या" म्हणा. नको वाटलं तर मधेच "थांबा" म्हणता येतं. स्पर्श गैर वाटला तर नुसता डॉक्टर बदलून गप्प बसू नका. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडं लेखी तक्रार करता येते, पोलिसांतही जाता येतं.

गरोदरपणात बदलायचं तर छत्तीस आठवड्यांच्या आत नाव घाला. माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगट, एचआयव्ही-कावीळ बी-व्हीडीआरएल (गुप्तरोगाची तपासणी) यांचे रिपोर्ट आणि पाचव्या महिन्यातली व्यंग बघायची सोनोग्राफी सोबत हवी. ती सोनोग्राफी नंतर तशी होत नाही, बाळ मोठं झालं की सगळे अवयव नीट दिसत नाहीत. आईचा गट निगेटिव्ह असेल तर अठ्ठाविसाव्या आठवड्यातलं अँटी-डीचं इंजेक्शन दिलंय का, तारखेसह लिहून आणा. आधी सिझर झालं असेल तर त्या ऑपरेशनची नोंद मिळवा. पोटावरचा व्रण आडवा दिसतो, पण आत गर्भाशयावर छेद कसा घेतला ते त्या नोंदीतच कळतं, आणि नॉर्मलसाठी थांबायचं का ते त्यावर ठरतं.

कळंबा_सूनबाई
हे बहिणीला पाठवते लगेच. सातवा चालू आहे तिला.

दाताचं_बोला
रूट कॅनॉल अर्धवट असताना बदलत असाल तर : एक्सरे, किती नळ्या उघडल्या, प्रत्येकीची लांबी, आत कुठलं औषध भरलंय आणि तात्पुरतं सिमेंट कधी लावलं. सुई आत तुटली असेल तर तेही लिहून मागा, त्याशिवाय नवीन माणूस आंधळा. तात्पुरतं सिमेंट महिनोन्महिने टिकत नाही, कडेनं लाळ झिरपते आणि परत पू धरतो. दातांच्या तारा असतील तर दाताला चिकटवलेल्या ब्रॅकेटची तार बसायची खाच (स्लॉट) ०.०१८ की ०.०२२ इंच ते विचारा. माहीत नसेल तर सगळे काढून नवे बसवायची वेळ येऊ शकते, खर्च परत.

कागलकर
राजारामपुरीत गाडी कुठं लावायची तेवढं पण सांगा कुणीतरी. डॉक्टर घावतोय, जागा घावत न्हाई.

मेडिकलवाला_राजारामपुरी
मेन रोडवर नकोच. आतल्या गल्लीत लावा आणि चालत या, संध्याकाळी सहाच्या आधी.

मनमोकळं
मानसोपचाराचं राहिलं. समुपदेशकाशी सूर जुळला नाही म्हणून बदलणं अगदी नेहमीचं आहे, तीन-चार भेटींत अंदाज येतो. पण गोळ्या चालू असतील तर नवीन डॉक्टर भेटेपर्यंत त्या चालूच. पॅरोक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन या नैराश्याच्या गोळ्या एकदम सोडल्या की चक्कर, मळमळ, डोक्यात विजेसारखे झटके येतात आणि माणसाला वाटतं आजारच उलटला. मधल्या काळात बोलायला कोणी हवं असेल तर सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेलिमानस १४४१६, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

कागलकर
सहानंतर आलो तर?

मेडिकलवाला_राजारामपुरी
मग केएमटीच्या बसनं या भावा.