शेकोटी बंद करून सरळ वर्गणी मागावी का?

जमाखर्च: मी इंग्लंडमधल्या एका लहान गावात राहतो. १६०५ साली राजासकट संसद उडवण्याच्या कॅथलिक कटातला गाय फॉक्स संसदेच्या तळघरात बंदुकीच्या दारूच्या ३६ पिंपांसकट पकडला गेला, त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरच्या सुमारास इथे गावोगाव होळीसारखा जाळ पेटवून आतषबाजी करतात. आमच्याकडे सगळं स्वयंसेवकच करतात, उरलेले पैसे गावच्या हॉलच्या छपराला जातात. तीन वर्षं हिशेब माझ्याकडे आहे आणि माझं मत झालंय की हे थांबवावं. विमा, फटाके, फिरती शौचालयं यांचे पैसे आधी मोजायचे. जमा मात्र त्या एका संध्याकाळी, फाटकावर. गेल्या वर्षी ऐन वेळी पाऊस आला. निम्मं गाव गाडीच्या काचा वर करून रस्त्यावरूनच आतषबाजी बघत होतं, फुकट. आकाशाला कुंपण घालता येत नाही. त्यापेक्षा दारोदार वर्गणी मागू.

वाड्यावरची: दारोदार? इंग्लंडात? बेल वाजवलीत की पडदा हलेल, दार उघडायचं नाही. सात वर्षं राहून मला शेजारणीचं नाव माहीत नव्हतं. कळलं ते अशाच एका रात्री, दोघी सुपाचे कप भरत होतो तेव्हा. छप्पर काय, कर्ज काढूनही होईल. पावसाचं म्हणाल तर तिकिटं आधी विका. आगाऊ स्वस्त, फाटकावर महाग. आपण गणपतीची वर्गणी विसर्जनाच्या दिवशी मागतो का?

जमाखर्च: आगाऊ तिकिटांचं पटलं. पण आम्ही गरम मसाल्याची वाइन विकतो. त्यासाठी २१ पौंड भरून तात्पुरत्या कार्यक्रमाची नोटीस द्यावी लागते, आणि तिच्यात एका वेळी ४९९ च माणसं बसतात, स्वयंसेवक धरून. म्हणजे जमेला मर्यादा आहे, खर्चाला नाही.

तिरका: वाइन बंद करा.

जमाखर्च: मग स्वयंसेवकही बंद होतील.

राखेतले_खिळे: मी दुसऱ्या दिवशी सकाळी येणाऱ्या चौघांपैकी एक. रात्री पाचेकशे, सकाळी चार. पॅलेटचं लाकूड जळून जातं, खिळे राहतात, आणि त्याच मैदानावर शनिवारी पोरं फुटबॉल खेळतात. म्हणून दोरीला लोहचुंबक बांधून राख पिंजायची. रात्री दव पडलेलं असतं, ओली राख बुटांना सिमेंटसारखी चिकटते. वर दोन तास वाकून कंबर जाते ती वेगळीच. शेजारच्या कुरणात मेंढ्या, तिथून रॉकेटच्या काड्या वेचायच्या. बैठकीत हात वर करणारे सगळे संध्याकाळच्या पाळीचे! जमाखर्च यांना माझा पाठिंबा, पण पैशांसाठी नाही. माणसं पुरत नाहीत म्हणून.

काटेरी: ढीग आठवडाभर आधी रचून ठेवत असाल तर खरंच बंद करा. हेजहॉग (काट्यांच्या अंगाचे छोटे प्राणी) थंडीत निजायला असाच पाचोळा शोधतात. लाकडं बाजूला साठवून त्याच दिवशी रचायची, पेटवण्याआधी बॅटरी घेऊन बुडाशी बघायचं. एवढ्याला माणसं नसतील तर पेटवायचा अधिकारही नाही.

तिरका: आणि त्यावर जाळायचा तो फॉक्सचा पुतळा? कॅथलिक कटाचा राग म्हणून १६०६ च्या कायद्याने चर्चमध्ये आभाराची प्रार्थना सक्तीची केली होती, ती १८५९ ला सुटली. पुतळा अजून सुटत नाही. फॉक्स यॉर्कच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. ती शाळा मात्र आपल्या माजी विद्यार्थ्याला जाळत नाही.

वाड्यावरची: पुतळा नको, मान्य. पोरांना नुसता जाळही पुरतो. पण 'माणसं नाहीत म्हणून बंद' हे नाही पटत. सकाळच्या पाळीची नावं भरल्याशिवाय संध्याकाळची वही उघडूच नका. आमच्याकडे यंदा पहिलं नाव माझं लिहिते. चुंबक कसलं घेता?

जमाखर्च: माझं मत अजून वर्गणीचंच. पण वहीचं बैठकीत मांडतो.

राखेतले_खिळे: मोठं चपटं घ्या, आणि जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओढा. पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढलं की खिळे आपोआप बादलीत पडतात. पहिल्या वर्षी आम्ही उघडंच ओढलं, एकेक खिळा सोडवत दुपार झाली.