खान्देशात पर्यटन म्हणे! आधी पाहुणा रात्रभर थांबवून दाखवा

तापीकाठ : ग्रुपवर फिरणारी पोस्ट वाचली. ‘तोरणमाळ, पाटणादेवी, सारंगखेडा, मुक्ताईनगर यांचं पर्यटन सर्किट करा, रोपवे बांधा, पोरं पुण्याला जायची थांबतील.’ लिहिणारे साहेब स्वतः पुण्यात, ते असो. मी जळगाव स्टेशनवर टुरिस्ट गाडी लावतो. अजिंठा इथून साठेक किलोमीटर. लोक सकाळी रेल्वेतून उतरतात, फर्दापूरला लेणीची बस धरतात, दुपारी खाली येतात आणि मुक्कामाला सरळ संभाजीनगर, कारण दुसऱ्या दिवशी वेरूळ. आपल्याला एक भाडं आणि स्टेशनवरचा चहा. १९८३ पासून जागतिक वारसा आहे अजिंठा. त्यावर जळगावातली किती घरं चालतात, सांगा. माणूस रात्री थांबला तर खोली झाडणारीला, चादरी धुणाऱ्याला, भाकरी थापणारीला काम. नुसत्या बोर्डाने कोणाला पगार मिळत नाही.

धुळ्याचा भो : अजिंठा आपल्या जिल्ह्यांत नाहीच, मग रडता कशाला? दत्तजयंतीला सारंगखेड्याला या. घोडेबाजारात चारावाले, नालवाले, हॉटेलवाले सगळे कमावतात.

शहादेकर : आणि यात्रा उठल्यावर? माझा चुलतभाऊ तिथं पार्किंगच्या पावत्या फाडायचा. पौष लागला की परत सुरत. तंबूचा ठेकेदारही बाहेरचाच होता.

यावलची सून : थांबून खायचं काय, ते बोला. तोरणमाळला गेलो तर जेवायला पनीर! जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं आणि ताटात पनीर. माझ्या सासूबाई कपाशीच्या वाळल्या पळकाट्यांवर वांगी भाजतात, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. त्या चुलीपुढे बसायला लोक पैसे देतील.

धुळ्याचा भो : गॅसवर भाजलं तरी भरीतच. वर टोमॅटो टाकला की झकास.

यावलची सून : टोमॅटो?? धुळ्यात त्याला भरीत म्हणतात?

शहादेकर : आमच्याकडे शेवभाजीच.

यावलची सून : शेवभाजी ढाब्यावर मिळते हो. भरीताला पाटा-वरवंट्यावरचा ठेचा लागतो, कांद्याची पात, शेंगदाणे. टोमॅटोवाल्यांनी बोलूच नये.

धुळ्याचा भो : तुम्ही काय भरीताच्या मालकीण? इतिहासाची जुनी कागदपत्रं जपणाऱ्या धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात पाय ठेवलाय कधी? इथं संस्कृती म्हणजे फक्त वांगं!

तापीकाठ : भांडा. पण दहा मिनिटांत रोपवेवर कोणी एक ओळ लिहिली नाही, भरीतावर सगळे तुटून पडले. वहिनी, सासूबाई चार पाहुण्यांचं करतील का? दिवसाला काय घेतील? ताट वेगळं, मुक्काम वेगळा सांगा.

यावलची सून : विचारते. पण संडास अंगणापलीकडे आहे, ते आधी बांधावं लागेल. त्याला तुमच्या सर्किटवाल्या साहेबांकडे पैसे असतील तर बघा.

धुळ्याचा भो : बांधा, बांधा. मी येतो जेवायला. टोमॅटो घरून आणतो.