पोस्टग्रेसची डेटा डिरेक्टरीच सापडत नाही

वाचनालय_गिरगाव:
आमच्या छोट्या वाचनालयाचा कॅटलॉग उबुंटू २२.०४ वर, पोस्टग्रेस १४ या डेटाबेसमध्ये आहे. काल पावसात लाइट गेली. रात्री मशीन चालू झालं, पण पोस्टग्रेस उठेना. डेटा जिथे असतो ते व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल उघडलं तर आत काहीच नाही, १४/मेन फोल्डरसुद्धा नाही. आम्ही तिघींनी दोन उन्हाळे बसून अकरा हजार कार्डं टाइप केली आहेत. दुर्गाबाईंचं आडनाव कुठे ‘भागवत’, कुठे नुसतं ‘भा.’, ते एकेक मी सरळ केलं. बॅकअप मार्चचा आहे. नवा क्लस्टर (पोस्टग्रेसचा कोरा डेटा-संच) बनवून तो बॅकअपच चढवू का? रात्रभर झोप नाही.

नाइटशिफ्ट_ऐरोली:
ताई, नवा क्लस्टर अजिबात बनवू नका. डेटा वेगळ्या डिस्कवर होता का? ती माउंट झाली नसेल, म्हणजे त्या फोल्डरला जोडली गेली नसेल, तर खालचं रिकामं फोल्डरच दिसतं. ‘एलएसबीएलके’ (डिस्कची यादी) आणि ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ (क्लस्टरची यादी) या कमांडचं आउटपुट टाका.

टर्मिनल_डोंबिवली:
‘फाइंड’ कमांडने शोधणार असाल तर सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावूनच शोधा. डेटा डिरेक्टरीचं परमिशन ७०० असतं, साध्या युजरला आतलं दिसतच नाही. आणि इटीसी/पोस्टग्रेसक्यूएल/१४/मेनमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘डेटा_डिरेक्टरी’ची ओळ बघा. सर्व्हर चालू असता तर ‘शो डेटा_डिरेक्टरी’ने लगेच कळलं असतं.

वाचनालय_गिरगाव:
कॉन्फिगमध्ये जुनाच पत्ता आहे. क्लस्टर ‘डाउन’, ओनर ‘अननोन’. ५०० जीबीची डिस्क ‘एसडीसी’ म्हणून दिसते, माउंटपॉइंट कोरा. ‘एसडीबी’वर एक्स्टर्नल डिस्क आहे, ती गेल्याच आठवड्यात जोडली.

नाइटशिफ्ट_ऐरोली:
मग डेटा बहुतेक एसडीसीवरच आहे. एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना काय माउंट करायचं त्या यादीत) ‘एसडीबी१’ लिहिलं असणार, सोबत ‘नोफेल’. रीबूटनंतर डिस्कची नावं सरकली, माउंट फसलं आणि ‘नोफेल’मुळे मशीन तसंच पुढे गेलं. आधी एसडीसी१ एमएनटी फोल्डरवर रीड-ओन्ली माउंट करा. १४/मेनमध्ये ‘पीजी_व्हर्जन’ फाइल दिसली की सगळं एक्स्टर्नलवर कॉपी करून घ्या. मग ‘बीएलकेआयडी’ने यूयूआयडी (न सरकणारा ओळख-क्रमांक) काढा, एफएसटॅबमध्ये नावाच्या जागी तो लिहा, नीट माउंट करा आणि त्यानंतरच पोस्टग्रेस सुरू करा.

वाचनालय_गिरगाव:
दादा, ‘पीजी_व्हर्जन’ दिसली, आत १४! कॉपीला चाळीस मिनिटं लागली, तोवर मी खुर्चीवरून उठले नाही. आता पोस्टग्रेस चालू आहे, काउंट ११,२३६, परवा संध्याकाळी टाकलेलं शेवटचं कार्डसुद्धा आहे. दोघांचे मनापासून आभार. आजपासून रोज रात्री ‘पीजी_डम्प’ (बॅकअपची कमांड) लावतेय.